माझी नायिका घर सोडते

दिवाळी अंकाला कथा द्यायची म्हटली की आमच्या घरातले वातावरण श्रावणापासूनच बदलते. दूध उतू जाते, भाजी करपते, आणि ‘आईची कथा चालू आहे’ असे एकमेकांना खुणावत सगळेजण ती करपलेली भाजी मुकाट्याने खातात. गेली अठ्ठावीस वर्षे हा क्रम चालू आहे. तेवढीच वर्षे आमच्या डोंबिवलीच्या घरात आणखी एक नियम पाळला जातो. माझ्या टेबलाचा डावा खण कोणी उघडायचा नाही. त्या खणाला कुलूप नाही, कधी लावलेही नाही. पण अर्धवट लिहिलेली कथा त्यात असते, हे घरात सर्वांना ठाऊक असते, आणि ती पुरी होऊन मी स्वतः वाचायला देईपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही. आमच्या ह्यांनी तर छत्तीस वर्षांच्या संसारात एकदाही तो खण ओढलेला नाही.

गेल्या वर्षी मात्र हा खण माझ्या नकळत उघडला गेला. कोणी उघडला, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

माझ्या कथेची नायिका होती अठ्ठावन्न वर्षांची एक बाई. नवरा सज्जन, मुले मार्गाला लागलेली, घरात भांडण नाही की तंटा नाही. अशी ही बाई एके दिवशी दोन साड्या पिशवीत घालते आणि नाशिकला जाऊन एका खोलीत एकटी राहू लागते. का? ते मलाही त्या वेळी पुरते ठाऊक नव्हते. ते शोधण्यासाठीच तर कथा लिहायची होती.

कथा खोटी असली तरी तिच्यातली भाजी खऱ्या भावाची असावी लागते, असे माझे मत आहे. नाशिकला एका खोलीचे भाडे किती, डिपॉझिट किती मागतात, एकट्या बाईला घरमालक खोली देतात का, हे मला हवे होते. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा तर काय करावे लागते, हेही पाहायचे होते. हिंदू विवाह कायद्यात त्यासाठीचे कलम १९७६ साली आले आणि अर्ज करण्यापूर्वी दोघांनी निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, ही माहिती मला अशीच मिळाली. पूर्वी अशा गोष्टींसाठी मी ग्रंथालयात जाई, नाहीतर शेजारच्या वकीलसाहेबांना गाठी. आता मोबाईल हाताशी असतो. रात्री अकरानंतर, घर निजले की, मी त्याला एकेक प्रश्न विचारीत असे. आठ दिवसांत पुष्कळ प्रश्न विचारून झाले.

आणि एक दिवस लक्षात आले की आमचे हे विलक्षण चांगले वागू लागले आहेत!

सकाळी चहा त्यांनी केला. जेवल्यावर ताट स्वतः उचलून नेले. तिसऱ्या दिवशी तर स्टेशनवरून येताना मोगऱ्याचा गजरा घेऊन आले. मी मनात म्हटले, निवृत्तीनंतर माणसाला उशिरा का होईना शहाणपण सुचते! पाचव्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत बसलो असताना ते म्हणाले, “अगं, एक विचारू का? रागावणार नाहीस ना?”

“विचारा की.”

“नाशिकला खोली कशाला बघतेयस?”

मला हसूच फुटले. पण हसता हसता त्यांच्या हाताकडे लक्ष गेले. कप बशीवर वाजत होता. मग मी हसले नाही.

झाले होते ते असे. आमच्याकडे एक टॅब आहे. हे त्यावर वर्तमानपत्र वाचतात आणि दुपारी नाट्यसंगीत ऐकतात. मुलाने तो सुरू करून देताना ‘एकच खातं बरं पडतं’ म्हणून माझ्याच खात्यावर लावून दिला होता. मी रात्री मोबाईलला जे विचारी, त्याच्या जाहिराती दुसऱ्या दिवशी ह्यांच्या बातम्यांच्या मधोमध उभ्या राहत. एकट्या महिलांसाठी सुरक्षित खोल्या, नाशिक. घटस्फोटाचे अनुभवी वकील, पहिला सल्ला मोफत. साठीच्या उंबरठ्यावर नवे आयुष्य सुरू करा! बिचारे चार दिवस हे सारे वाचत होते आणि चहा करीत होते.

माझी धाकटी लेक पुण्याला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला फोन केला. ती आधी पोट धरून हसली आणि मग तिने मला ह्या धंद्याची रीत समजावून सांगितली. आपण काही शोधले की त्यावरून आपल्या नावापुढे एक शेरा पडतो. ‘बाई, वय साधारण साठ, घर सोडण्याच्या विचारात.’ पुढे आपण एखादे पान उघडले की ते डोळ्यांपुढे येण्याआधीच्या निमिषार्धात त्या पानावरच्या मोकळ्या जागेचा लिलाव होतो. ह्या शेऱ्याचे गिऱ्हाईक ज्याला हवे असेल तो बोली लावतो. जो जिंकेल त्याची जाहिरात आपल्याला दिसते. हे सगळे यंत्रेच करतात.

“म्हणजे तुझे प्रश्न कुणी माणूस बसून वाचत नाही, आई,” तिने धीर दिला.

“कुणी वाचत नाही हे खरं,” मी म्हटले, “पण ज्या एका माणसानं वाचायला नको होतं, त्याला तेवढं बरोबर वाचायला मिळालं!”

मोठी गंमत अशी की ह्या व्यवहाराचा आरंभ अगदी निरुपद्रवी होता. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली नावाच्या तरुणाने ‘कुकी’ शोधून काढली. दुकानाच्या पानावर आपण टोपलीत काय टाकले ते पुढच्या पानावर गेल्यावरही दुकानाला आठवावे, अशा कामासाठी केलेली ती एक चिठ्ठी. नेहमीचा वाणी नाही का, आपल्याला कोणता तांदूळ लागतो ते लक्षात ठेवतो? पण आपण औषधे कुठली घेतली आणि वकिलाकडे कशाला गेलो, हे वाणी गल्लीभर विचारीत हिंडत नाही. जाहिरातवाल्यांनी त्या चिठ्ठीच्या जोरावर नेमके तेच सुरू केले. माझ्या बाबतीत तर चिठ्ठीचीही गरज पडली नाही. खातेच एक होते.

तुम्ही म्हणाल, लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला? हा प्रश्न मलाही पूर्वी बिनतोड वाटे. आता वाटत नाही. मी काही लपवीत नव्हते. जे अजून तयारच झाले नव्हते, ते झाकून ठेवले होते. पुऱ्यांची कणीक आपण ओल्या फडक्याखाली ठेवतो, ती काय चोरीची असते म्हणून? लिहिणारी बाई रोज रात्री चार खोटी आयुष्ये जगून पाहते. एके दिवशी ती घर सोडते, दुसऱ्या दिवशी विष घेते, तिसऱ्या दिवशी सासूचा खून करते, आणि सकाळी उठून सासूला चहा देते. कंपनीला ह्यातले काहीच कळत नाही. तिच्या लेखी प्रश्न म्हणजे इरादा. कल्पना आणि बेत ह्यांतला फरक तिच्या वहीत मांडायला रकानाच नाही.

आणि आता मनातली गोष्ट सांगते. त्या संध्याकाळी मी खणातली कथा काढून ह्यांच्या हातात दिली. छत्तीस वर्षांत प्रथमच ती अर्धवट असताना! त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. मग विचारले, “ह्यातला नवरा मीच का?”

“छे हो!” मी म्हटले.

हे पुरते खरे नव्हते. बायको काय वाचते आहे, हे आयुष्यात एकदाही न विचारणारा तो नवरा मी कुठून आणला होता, ते मला ठाऊक होते. कथा पुरी झाली असती तर त्या गोष्टीला काही आकार आला असता, तिच्यात थोडी क्षमा आली असती, थोडा विनोद आला असता. अर्धवट अवस्थेत ती नुसती तक्रार होती, आणि तीच त्यांच्या हाती पडली.

त्यानंतर मी नाशिकबद्दल एकही प्रश्न मोबाईलला विचारला नाही. नायिकेची खोली तशीच राहिली, तिला खिडकी कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा मी ठरवले नाही. आणि शेवटी माझी नायिका दोन साड्यांची पिशवी घेऊन घरी परत आली. अंक निघाल्यावर पुष्कळांनी ‘शेवट फार गोड केलात’ म्हणून कळवले. तो शेवट मी केला नव्हता. तो भीतीने केला होता.

असे होणारी मी एकटीच नाही. सरकार लोकांचे फोन आणि पत्रव्यवहार केवढ्या प्रमाणावर गोळा करते, हे अमेरिकेत २०१३ साली उघड झाले. तेव्हा पेन ह्या लेखकांच्या संस्थेने तिथल्या लेखकांकडे चौकशी केली. साधारण सहांतल्या एकाने सांगितले की पाळत असेल ह्या धास्तीने आपण एखाद्या विषयावर लिहिणे वा बोलणे टाळले. तिथे पाळत सरकारची होती, माझ्याकडे दुकानदाराची. पण पाठीमागे कोणी उभे असले की लेखणी अडखळते, ते दोन्हीकडे सारखेच.

खाजगीपणाची ही ओरड नवी नाही. १८८८ साली कोडॅकचा सुटसुटीत कॅमेरा बाजारात आला, कोणीही कोणाचाही फोटो काढू लागला, आणि वर्तमानपत्रांना घरगुती कुचाळक्यांची चटक लागली. ते पाहून १८९० मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस ह्या दोघा अमेरिकन वकिलांनी एक निबंध लिहिला. माणसाला आपल्यापुरते राहू देणे हा त्याचा हक्कच आहे, असे त्यांनी त्यात मांडले. आपल्याकडे १९५४ आणि १९६२ अशा दोन निकालांत सर्वोच्च न्यायालयाने हा मूलभूत हक्क मानला नव्हता. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी आधारच्या योजनेविरुद्ध २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, न्यायालयात गेले. त्याच खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. उतारवयात माणूस काय करू शकतो, हे आमच्या ह्यांना मी मुद्दाम सांगितले!

कंपन्यांसाठी वेगळा कायदा २०२३ साली झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावीत, अशी त्यात तरतूद आहे. त्यातल्या दोन गोष्टी घरोघरी माहीत असाव्यात. संमती मागताना ती मजकुराची चिठ्ठी मराठीतही मिळण्याची सोय कंपनीने ठेवली पाहिजे. आणि संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. आजवर ‘मान्य आहे’ ह्या बटणावर मी किती वेळा बोट टेकवले असेल, देव जाणे. त्यावरचा मजकूर एकदाही वाचला नाही. दूधवाल्याच्या वहीवर मी हिशेब तपासल्याशिवाय सही करीत नाही!

ही झाली छापण्यापूर्वीची कथा. छापून झाल्यावरची कथा वेगळी, पण तिचे गोत्र तेच. आपोआप मजकूर लिहिणारी यंत्रे आता निघाली आहेत, आणि त्यांना लिहायला शिकवण्यासाठी माणसांची पुस्तके लागतात. अशाच एका कामासाठी वापरलेल्या संग्रहात १ लाख ८३ हजारांहून अधिक पुस्तके लेखकांना न विचारता घातली होती, हे २०२३ साली अटलांटिक मासिकाने उघडकीस आणले. २०२५ मध्ये अमेरिकेत अँथ्रॉपिक ह्या कंपनीने लेखकांशी १५० कोटी डॉलरची तडजोड केली. विकत घेतलेल्या पुस्तकांवर यंत्राला शिकवणे तिथल्या न्यायाधीशांनी कायदेशीर ठरवले होते, पण चोरीच्या संग्रहांतून पुस्तके उतरवून घेऊन ठेवणे नव्हे. हिशेब पुस्तकामागे सुमारे ३००० डॉलर पडला. रक्कम ऐकून माझे डोळे विस्फारले, कारण आमचे मानधन कोणत्या आकड्यात येते ते संपादकांना ठाऊक आहेच! पण मला त्या रकमेपेक्षा ‘न विचारता’ हा शब्दच अधिक लागला. लिहीत असताना माझे प्रश्न न विचारता घेतले, आणि लिहून झाल्यावर माझ्यासारख्यांची पुस्तके न विचारता घेतली. आमच्या ह्यांनी निदान चार दिवस चहा करून का होईना, पाचव्या दिवशी विचारले तरी!

ह्या वर्षी मी काही बंदोबस्त केला आहे. टॅबचे खाते वेगळे केले. मोबाईलमध्ये जाहिरातींसाठी माझी आवडनिवड वापरण्याची मुभा बंद केली आणि शोधांची जुनी नोंद पुसून टाकली. ‘खाजगी खिडकी’ म्हणून जी असते, ती आपल्या यंत्रात नोंद ठेवत नाही एवढेच. पलीकडच्यांना काहीच दिसत नाही, अशा भ्रमात कोणी राहू नये, असे लेकीने बजावले आहे. आणि अर्धवट कथा पुन्हा वहीत, पेन्सिलीने, डाव्या खणात.

कथा तीच आहे. गेल्या वर्षी बिघडली ती पुन्हा लिहायला घेतली आहे. नाशिकच्या खोलीचे अडले तेव्हा हेच म्हणाले, “त्या यंत्राला कशाला विचारतेस? चल, जाऊन बघून येऊ.” आम्ही कल्याणहून एस.टी.ने गेलो आणि दिवसभर पंचवटीच्या गल्ल्यांतून हिंडलो. एका वाड्यात वरच्या मजल्यावरची खोली मनासारखी निघाली. खिडकी पूर्वेला होती. घरमालकीणबाईंनी आम्हा दोघांकडे पाहून विचारले, “राहणार किती माणसं?”

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, “एकच. एकटी बाई आहे. फार चांगली आहे.”

येताना गाडीत त्यांनी विचारले, “ह्या खेपेला ती परत येणार का गं?”

मी म्हटले, “अजून ठरलं नाही.” ते बरे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. पुन्हा काही विचारले नाही.