खोकला आला की लघवी होते?

देवळाली प्रवरा परिसरातील चाळिशी-पन्नाशीच्या भगिनींना हा प्रश्न विचारला, तर उत्तर बहुधा नजर खाली घालूनच मिळते. खोकताना, शिंकताना, हसताना किंवा उसाची मोळी उचलताना थोडी लघवी होते का? होत असेल तर तो केवळ वयाचा भाग समजून सोसू नये. हा आजार आहे व त्यावर उपाय आहेत.

मूत्राशय व मूत्रमार्ग यांना खालून आधार देणारे स्नायू झोळीसारखे असतात. बाळंतपणे, वाढलेले वजन, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता यांमुळे ही झोळी सैल पडते. मग पोटावर ताण आला की मूत्रमार्ग घट्ट मिटत नाही.

डॉक्टर लघवी तपासून जंतुसंसर्ग व साखर पाहतात आणि मूत्राशय भरलेले असताना खोकायला सांगतात. तीन दिवस पाणी किती प्यायले, लघवी केव्हा गळाली, याची वहीत नोंद करून नेल्यास निदान सोपे जाते. एकदम घाई होऊन वाटेतच लघवी होणे हा प्रकार वेगळा. त्याचे औषधही वेगळे.

पहिला उपाय बिनखर्चाचा. अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी 1948 साली हा व्यायाम मांडला. वारा अडवताना आपण जे स्नायू आवळतो, तेच आवळून काही सेकंद धरावेत, मग सैल सोडावेत. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नये, पोट आवळू नये. निदान तीन महिने नेटाने करावे. चार दिवसांत गुण येत नाही. चपाती लाटतानाही करता येतो, कोणाला कळतही नाही!

अनेकजणी शेतात पाणीच पीत नाहीत. हे घातक आहे. त्याने जळजळ व जंतुसंसर्ग वाढतो.

‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला तर मुळीच ऐकू नये. गर्भाशय काढल्याने हे गळणे थांबत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांची 2019 साली राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली होती. व्यायामाने भागले नाही, तर मूत्रमार्गाला आधार देणारी वेगळी शस्त्रक्रिया असते. तिचे फायदे-तोटे लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून समजून घ्यावेत.

लघवीतून रक्त जात असेल, अंग बाहेर येत असेल किंवा लघवी तुंबत असेल, तर मात्र व्यायामावर विसंबून न राहता लगेच दाखवावे.