मायक्रॉनचा हिशेब

गाडीवरचा ओरखडा भरून काढतात, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ओरखडा कधीच भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा रंग घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. कडा नाहीशा झाल्या की प्रकाश तिथे वेडावाकडा फुटत नाही आणि डोळ्याला चरा दिसेनासा होतो. म्हणजे प्रत्येक ‘स्क्रॅच रिमूव्हल’मध्ये गाडीचा थोडा रंग कायमचा जातो. पुण्यात ऐंशीच्या दशकापासून मी हे काम करतो आहे. यंत्रं बदलली, रसायनं बदलली, गिऱ्हाईक बदललं. मागे वळून पाहताना मला मात्र एकच बदल खरा मोलाचा वाटतो: किती घासायचं हे शिकलेला आमचा धंदा हळूहळू कुठे थांबायचं ते शिकला.

सुरुवातीला रस्त्यावर गाड्या तरी किती जातीच्या होत्या! कुर्ल्याच्या कारखान्यातून येणारी प्रीमियर पद्मिनी, उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर, कुठे एखादी स्टँडर्ड, जीप. अमेरिकेत 1920च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने ‘ड्यूको’ नावाचा लवकर सुकणारा नायट्रोसेल्युलोज रंग आणला होता. त्याचं नाव आमच्या गॅरेजमध्ये इतकं मुरलं होतं की असल्या कुठल्याही रंगाला ड्यूकोच म्हणत. तेव्हा रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. जो रंग दिसे तोच वरचा थर. उन्हाने तो मरायचा, पांढुरकी भुकटी धरायचा. लाल गाडी तर काही उन्हाळ्यांत गुलाबीकडे झुके.

नाना पेठेतून रबिंग कंपाउंडचा डबा, वॉटर पेपर आणि वॅक्स पॉलिश आणायचं आणि कामाला लागायचं. मशीन नव्हतं, हात होते. जुन्या धोतराची मऊ चिंधी घ्यायची, तिच्यावर बोटभर कंपाउंड घ्यायचं आणि वीतभर जागेत सरळ रेषेत घासत राहायचं. लाल पद्मिनीच्या बॉनेटवर काम चाललं की थोड्याच वेळात चिंधी लालभडक होई. आमचे उस्ताद ती चिंधी उलटीपालटी करून बघत. वरचा मेलेला रंग निघतोय तोवर चिंधीवर फिकट, खडूसारखा थर येतो. खालचा ताजा रंग लागला की लाली गडद आणि ओलसर दिसते. तो फरक दिसला की ते हात धरून थांबवत. मोजायचं काहीही साधन नसताना त्यांनी चिंधीलाच मोजमाप केलं होतं. गाडी दोन-तीनदा रंगवलेली असे, थर जाड असे, म्हणून चूक पोटात घालायला जागाही भरपूर होती.

त्याच काळात रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने गाडी पुसायची सवय सर्रास होती. स्कूटरवाले तर हमखास. गाडी तासभर चकाकायची आणि मग त्या तेलकट पृष्ठभागावर रस्त्यावरची सगळी धूळ येऊन बसायची. दुसऱ्या दिवशी तीच धूळ फडक्याने घासली जायची. चमकेच्या नावाखाली रंग रोज थोडा थोडा झिजत होता आणि ते कोणाच्या लक्षातही येत नव्हतं.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 गिऱ्हाइकाच्या हाती गेली. आमच्या कामाचं चित्र त्या गाडीने पालटायला सुरुवात केली. कारखान्यात भट्टीत भाजलेला तिचा रंग गॅरेजमध्ये मारलेल्या रंगापेक्षा कितीतरी एकसारखा आणि कठीण होता, आणि पातळही. लोकांनी गाडी पुन्हा रंगवायच्या ऐवजी मूळ रंग जपायचा विचार सुरू केला तो इथून. ‘ओरिजिनल पेंट’ हे शब्द जुन्या गाडीच्या सौद्यात वजन मिळवू लागले.

1991 नंतर गाड्यांच्या जाती वाढल्या आणि नव्वदच्या दशकात मेटॅलिक रंगांबरोबर क्लिअर कोट आमच्या दारात आला. रंगाचा थर खाली, त्यावर पारदर्शक लाखेसारखा वेगळा थर. आता घासलं तरी चिंधीला रंग लागेना. उस्तादांचं मोजमाप एका झटक्यात निकामी झालं. क्लिअर कोट संपत आलाय हे सांगणारी कुठलीच खूण हाताशी उरली नाही. कळायचं तेव्हा उशीर झालेला असे: बॉनेटच्या कडेला एक मळकट ठिपका दिसायचा, आणि मग ते पॅनल रंगवण्यावाचून इलाज नसे.

नेमक्या याच वेळी रोटरी मशीन गॅरेजागॅरेजात पोचलं. लोकरीचा पॅड, जाडंभरडं कंपाउंड आणि मिनिटाला हजार-दोन हजार फेरे. हाताने ज्याला दिवसभर लागायचा ते काम तासाभरात उरकू लागलं. पण एकाच अक्षावर फिरणारा पॅड एकाच जागी रेंगाळला तर उष्णता साठते, आणि पॅनलच्या कडेवर, जिथे रंग आधीच पातळ असतो, तिथे सगळ्यात आधी भाजतं. शिवाय पॅड स्वतःच्या गोल खुणा सोडून जातो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी आरशासारखी दिसायची. सकाळी गिऱ्हाईक ती उन्हात उभी करायचं आणि बॉनेटवर भोवऱ्यासारख्या रेषा हलताना दिसायच्या. त्यांना पुढे ‘होलोग्राम’ म्हणायला लागलो. अनेक ठिकाणी यावर उपाय म्हणून तेलकट ग्लेझ फासून गाडी दिली जाई. ते तेल त्या बारीक रेषांत बसून त्या लपवतं आणि चार धुण्यांत निघून जातं. दुरुस्ती आणि झाकपाक यांतला हा फरक गिऱ्हाइकाला सांगितला जात नसे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पुसून, उन्हात नेऊन गाडी दाखवणं ही आज कुठल्याही प्रामाणिक दुकानाची पहिली अट मानली पाहिजे, असं मी ठामपणे म्हणतो.

दोन हजारच्या दशकात ‘टेफ्लॉन कोटिंग’ची लाट आली. नवी गाडी घेतली की शोरूममध्येच ते गळ्यात मारलं जाई. टेफ्लॉन हे ड्यूपाँमध्ये रॉय प्लंकेट यांना 1938 साली सापडलेल्या पीटीएफई या पदार्थाचं नाव. नॉनस्टिक तव्यावर असतो तोच हा पदार्थ. पण तव्यावर तो बसतो तो भट्टीत तीनशे अंशांच्या वर तापवल्यावर. गाडीच्या बॉनेटवर हाताने चोळून तसा तो बसणं शक्य नाही. गाडीला जी चमक यायची ती बहुतांशी आधी केलेल्या पॉलिशची आणि त्या डब्यातल्या वॅक्स-पॉलिमरची असे. काम वाईट नसायचं, त्याचं नाव मात्र मोठं होतं. वर्षावर्षाची हमी दिली जाई, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पाण्याचे थेंब गोळी होऊन ओघळणं बंद व्हायचं.

खऱ्या वॅक्सबद्दल माझ्या मनात अजूनही आदर आहे. कार्नौबा वॅक्स ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवर तयार होतं. तिथल्या कोरड्या उन्हात पानांतलं पाणी उडू नये म्हणून झाडाने केलेली ती तजवीज. ते साधारण 82 ते 86 अंशांना वितळतं, तर मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंशांनाच. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या काळ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून बघा, म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळेल. आपल्याकडे वॅक्स महिना-दोन महिने टिकलं तर पुष्कळ झालं, हे सांगूनच ते लावावं. पातळ थर लावायचा, बोट फिरवून सुकलंय का बघायचं, मग स्वच्छ मायक्रोफायबरने उचलायचं. जाड थर लावणारा फक्त वॅक्स वाया घालवतो, कारण जास्तीचं सगळं पुसूनच निघतं. वॅक्स ओरखडा काढत नाही. ते काही दिवस रंगाच्या आधी ऊन, पाणी आणि पक्ष्यांची विष्ठा स्वतःवर घेतं. एवढं जरी त्याने केलं तरी त्याचे पैसे वसूल होतात.

2010 नंतरची वर्षं आमच्या धंद्याला शहाणपण देणारी ठरली. डीए, म्हणजे ड्युअल अॅक्शन, मशीन आलं. त्याचा पॅड फिरता फिरता डोलतोही, त्यामुळे उष्णता कमी साठते आणि गोल रेषा उमटत नाहीत. रंगात रुतलेले लोखंडाचे आणि ब्रेकच्या धुळीचे कण उचलायला क्ले आली. मोठ्या एलईडी दिव्यांनी दुकानातच ऊन आणलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र, म्हणजे गेज, खिशात आलं. पत्र्यावर टेकवलं की आकडा दाखवतं. प्लास्टिकच्या बंपरवर साधा गेज चालत नाही, तिथे अजूनही अनुभवच कामाला येतो.

हे यंत्र काय बदलतं ते एका कामावरून सांगतो. वापरलेली काळी सेडान, नुकतीच विकत घेतलेली, बॉनेटवर किल्लीने मारलेला लांब चरा. आधी नख फिरवलं. एका टोकाला नख सरकत गेलं, दुसऱ्या टोकाला अडकलं. मग गेज लावला. बॉनेटच्या मध्यावर 110 ते 115 मायक्रॉन, चऱ्याच्या खोल टोकाजवळ 82. म्हणजे तिथे आधीच कोणीतरी भरपूर घासलेलं. डाव्या दरवाजावर आकडा एकदम 240: तो दरवाजा पुन्हा रंगवलेला होता. कारखान्याचा सगळा रंग मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो. त्यातला क्लिअर कोट पस्तीस ते पन्नास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. हलक्या पॉलिशने एखाद-दुसरा मायक्रॉन जातो, जोरदार कंपाउंडिंगने तीन-चार, वॉटर पेपर लावला तर त्याहून अधिक. आठ-दहाच्या पुढे जायचं नाही ही आमची मर्यादा, कारण उन्हाला अडवणारी रसायनं क्लिअर कोटमध्येच असतात आणि तो फार पातळ झाला की पुढे पापुद्रे सुटतात. त्या गाडीचं नख सरकणारं टोक पूर्ण घालवलं. खोल टोकाच्या फक्त कडा मऊ केल्या. लांबून दिसेना, जवळून दिसत राहिला. मालकाला आकडे दाखवले आणि त्यांना ते पटले. उस्तादांची लाल चिंधी जे काम करायची तेच काम गेजने परत आमच्या हाती दिलं.

पुढे सिरॅमिक कोटिंग आणि पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) आलं. सिरॅमिक खरोखर टिकाऊ आहे, पाणी आणि चिखल चांगला झटकतं. पण ‘9एच’ म्हणजे हिऱ्याच्या जवळची कठीणता असं जे सांगितलं जातं ते खोटं आहे. ती पेन्सिलीच्या मोजपट्टीवरची श्रेणी आहे. किल्लीच्या चऱ्यापुढे त्याचा काही उपयोग नाही. पीपीएफ ही पॉलियुरेथेनची सुमारे दोनशे मायक्रॉन जाडीची फिल्म. हायवेवरचे खडे आणि पार्किंगमधली घासाघीस ती खरंच अडवते, पण ती महाग असते. ज्याचं ऑफिस दोन किलोमीटरवर आहे त्याला मी बहुतेक वेळा ती सुचवत नाही.

कारण बहुतेक ओरखडे रस्त्यावर पडतच नाहीत, ते पार्किंगमध्ये गाडी पुसताना पडतात. सोसायटीत पहाटे एका बादलीत आणि एकाच फडक्यात ओळीने दहा गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची माती दहाव्या गाडीवर फिरते. कोरड्या धुळीवर फडकं मारणं म्हणजे बारीक वॉटर पेपर फिरवणं. पुसणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. महिन्याच्या ठरावीक तुटपुंज्या पैशांत त्याला दुसरी बादली आणि वेळ कोण देणार? एक बादली शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची, आधी पाण्याने माती ओघळू द्यायची आणि मग हात लावायचा, एवढं सोसायटीने ठरवलं तरी आमच्याकडची निम्मी गर्दी ओसरेल. तशी ती ओसरावी, असं मला मनापासून वाटतं.

दसऱ्याच्या आठवड्यात दरवर्षी हेच सांगतो. पूजा जरूर करा, पण हळद-कुंकवाचं स्वस्तिक रात्रभर ठेवू नका, त्यात खडे असतील तर बोट दाबून काढू नका, झेंडूच्या माळा चिकटपट्टीने बॉनेटला चिकटवू नका. लग्नाच्या सजवलेल्या गाडीचंही तेच. चिकटपट्टीचा डिंक उन्हात भाजला की तो काढताना रंग घासला जातोच.

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली. काळ्या-पिवळ्या रंगाचे किती हात तिच्यावर बसले असतील याची गणती नाही. तेव्हा रंग जाड होता म्हणून आम्हाला मोकळीक होती. आताच्या गाडीला ती नाही. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना माझं सांगणं स्पष्ट आहे. मास्क लावल्याशिवाय घासायला बसू नका, फुप्फुसं एकदाच मिळतात. मशीनआधी गेज विकत घ्या. जॉब कार्डवर कामाआधीचे आणि नंतरचे आकडे लिहा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या, म्हणजे पुढच्या दुकानाला कळेल किती रंग शिल्लक आहे. आणि गाडीवाल्यांनी चमक बघून पैसे देण्याआधी तो आकडा मागावा. चमक आज कोणालाही आणता येते. पुढच्या दहा वर्षांसाठी रंग शिल्लक ठेवून चमक आणणारा तो खरा कारागीर.