व्होल्टेज कमी केलं तर आवाज जास्त फाटतो, असं का?



लग्नातला लाऊडस्पीकर फार मोठा केला की आपण म्हणतो, "आवाज फाटतोय, कमी कर रे!" इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांना मात्र बरेचदा हाच फाटका आवाज हवा असतो. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. व्होल्टेजशी त्याचा काय संबंध, ते आज पाहू.

गिटारकडून येणारा विजेचा संकेत अगदी छोटा असतो. ट्यूब ॲम्प्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असतात, जुन्या रेडिओत असायचे तसे. ते या संकेताची लाट मोठी करतात. त्यासाठी ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज वाढवून घ्यावं लागतं. मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये ते ४५० व्होल्टच्याही पुढे जातं.

हे व्होल्टेज म्हणजे खोलीचं छत समजा. लाट छताच्या वर जाऊ शकत नाही. फार मोठी झाली तर तिचा शेंडा सपाट कापला जातो. अशा कापलेल्या लाटेत मूळ सुराच्या पटीतले नवे सूर मिसळतात. मूळ सूर ११० हर्ट्झचा असेल तर ३३०, ५५० असे. म्हणून आवाज खरखरीत आणि भरदार वाटतो.

आता व्होल्टेज कमी केलं तर? छतच खाली येतं! लाट तेवढीच, पण लवकर कापली जाते.

अमेरिकन गिटारवादक एडी व्हॅन हेलन हेच करायचा. तिथला घरगुती पुरवठा १२० व्होल्टचा. 'व्हेरिॲक' नावाच्या उपकरणाने तो आपल्या १०० वॉटच्या मार्शल ॲम्प्लिफायरला ९० व्होल्टच्या आसपास द्यायचा. मुलाखतीत मात्र त्याने व्होल्टेज वाढवतो असं सांगितलं होतं! ते खरं मानून कुणी वाढवलं, तर छत उलट वर जातं, आणि व्हॉल्व्ह व कपॅसिटर जळायची भीती वेगळीच.

थोडं गणित करू. १२० चे ९० म्हणजे पाऊण पट. शक्ती साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ९/१६ पट. १०० वॉटचे सुमारे ५६ वॉट झाले. पण कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटत नाही, थोडासाच कमी वाटतो.

याला दुसरी बाजूही आहे. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला ६.३ व्होल्ट लागतात, तेही उतरून ४.७ च्या आसपास येतात. व्हॉल्व्ह पुरेसा तापत नाही, आणि असं फार काळ चालवणं त्याला चांगलं नाही.

वर्गात करून बघा: फळ्यावर एक मोठी लाट काढा. वर-खाली पट्टीने दोन आडव्या रेषा मारा आणि रेषांबाहेरचा भाग पुसा. मग रेषा आणखी जवळ आणा. मुलं स्वतःच सांगतील, आता जास्त कापलं गेलं!

मोठ्या मुलांच्या पालकांना एक कळकळीची विनंती. ट्यूब ॲम्प्लिफायर मुलांना उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज साठलेलं असू शकतं.