आपत्कालीन वैद्यकीय सेवा : कायद्यातील शब्द आणि त्यांचे अर्थ

रस्त्यावरील अपघात, सर्पदंश, अडलेली बाळंतीण किंवा अचानक उद्भवलेला हृदयविकार यांपैकी कोणता प्रसंग गावावर केव्हा ओढवेल हे सांगता येत नाही. अशा वेळी रुग्णवाहिका बोलावणे, रुग्णाला रुग्णालयात पोहोचविणे, तेथे त्याच्यावर प्राथमिक उपचार होणे आणि गरज पडल्यास त्याला मोठ्या रुग्णालयात हलविणे अशा एकामागून एक पायऱ्या असतात. या प्रत्येक पायरीवर काही ठरावीक शब्द कानी पडतात. हे शब्द आता केवळ बोलण्यातले राहिलेले नाहीत. गेल्या काही वर्षांत कायद्याने, नियमांनी आणि न्यायालयांच्या निर्णयांनी त्यांना निश्चित अर्थ दिले आहेत. कोणत्या रुग्णासाठी कोणते वाहन यावे, डॉक्टरांचे कर्तव्य कोठे सुरू होते आणि मदतीस धावून आलेल्या माणसाला कोणते संरक्षण आहे, या प्रश्नांची उत्तरे त्या अर्थांतच सापडतात. म्हणून गावपातळीवर काम करणारे कर्मचारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी या परिभाषेची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

रुग्णवाहिकेचे चार प्रकार

'रुग्णवाहिका' हा मराठी शब्द सुटसुटीत आहे आणि तो आता चांगलाच रुळला आहे. मात्र त्यातून फक्त रुग्णाला वाहून नेण्याचा बोध होतो. नियमांना अभिप्रेत असलेला अर्थ याहून व्यापक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली रुग्णवाहिकांच्या बांधणीसाठी 'एआयएस-१२५' हे मानक लागू करण्यात आले असून त्यात रस्त्यावरील रुग्णवाहिकांचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार पाडले आहेत. वाहनाचा आकार किंवा किंमत हा या वर्गवारीचा मुख्य आधार नाही. त्या वाहनात रुग्णाची कोणत्या दर्जाची काळजी घेता येते, यावर ती आधारलेली आहे.

'ए' प्रकारचे वाहन हे प्रथम प्रतिसादाचे वाहन होय. रुग्ण जेथे आहे तेथे जाऊन त्याच्यावर तातडीचे उपचार सुरू करणे एवढेच त्याचे काम असते. रुग्णाला घेऊन जाण्याची सोय त्यात नसते. अरुंद गल्ल्या आणि वाहतुकीची कोंडी यांतून वाट काढण्यासाठी मुंबईत २०१७ मध्ये दुचाकी रुग्णवाहिका सुरू झाल्या, त्या याच कल्पनेवर आधारलेल्या आहेत. दुचाकीवरून रुग्णाला नेणार तरी कसे, अशी शंका काहींच्या मनात येते. त्या वाहनाचे काम रुग्णाला नेणे हे नसून रुग्णाकडे जाणे हे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही शंका उरत नाही.

'बी' प्रकारचे वाहन हे रुग्ण वाहतुकीचे वाहन आहे. ज्याची प्रकृती वाटेत एकाएकी बिघडण्याची शक्यता नाही, अशा रुग्णासाठी ते वापरावयाचे असते. ठरलेल्या दिवशी तपासणीस जाणारा किंवा रुग्णालयातून घरी परतणारा रुग्ण हे त्याचे उदाहरण होय. 'सी' प्रकारात मूलभूत जीवनरक्षक सेवेची वाहने येतात. ज्या रुग्णाला प्राणवायूची किंवा श्वासाला आधार देण्याची गरज आहे, पण त्यासाठी शरीरात नळी घालावी लागत नाही, त्याच्यावर अशा वाहनात उपचार करता येतात आणि त्याच्या प्रकृतीवर लक्षही ठेवता येते. 'डी' प्रकार हा प्रगत जीवनरक्षक सेवेचा आहे. श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वासोच्छ्वास देणे, हृदयाच्या गतीवर सतत लक्ष ठेवणे अशी अतिदक्षता विभागातील कामे या वाहनात चालू प्रवासात करता येतात.

हा भेद माहीत असण्याचे महत्त्व प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी कळते. लोकवर्गणीतून, देणगीतून किंवा विकास निधीतून गावासाठी रुग्णवाहिका घेण्याचे अनेक ठिकाणी ठरते. पुष्कळदा त्यातून येणारे वाहन 'बी' प्रकारचे असते. अशा वाहनाचाही गावाला उपयोग असतोच, परंतु हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाला त्यातून साठ किलोमीटर नेणे म्हणजे त्याला वाटेवर उपचारांविना ठेवणे होय. तेव्हा 'रुग्णवाहिका घ्यावी' एवढाच ठराव पुरेसा नाही. ती कोणत्या प्रकारची असावी, तिच्यात कोणती उपकरणे असावीत आणि ती चालविणारे कर्मचारी कोणते प्रशिक्षण घेतलेले असावेत, हेही ठरावात नमूद झाले पाहिजे.

शववाहिका ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी आहे. केवळ रुग्णवाहिका म्हणून आणि केवळ मृतदेह व सोबतचे शोकाकुल नातेवाईक नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांना परवान्याच्या अटीतून सूट देताना मोटार वाहन अधिनियमाच्या ६६व्या कलमाने त्यांचा उल्लेख दोन स्वतंत्र खंडांत केला आहे. एकच गाडी दोन्ही कामांना वापरण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. आरोग्याच्या दृष्टीनेही ती टाळणे इष्ट आहे.

तीन क्रमांक, तीन सेवा

देशात '१०८' या क्रमांकाची आपत्कालीन सेवा प्रथम ऑगस्ट २००५ मध्ये हैदराबाद येथे सुरू झाली. महाराष्ट्रात 'महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा' या नावाने तिचा प्रारंभ २६ जानेवारी २०१४ रोजी झाला. त्या योजनेत एकूण ९३७ रुग्णवाहिकांची तरतूद होती. त्यांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक सेवेच्या होत्या. पुणे येथील नियंत्रण कक्षात दूरध्वनी घेतला जातो आणि जवळची रुग्णवाहिका घटनास्थळी रवाना केली जाते. रुग्णवाहिकेवर डॉक्टरांची नेमणूक हे या राज्यातील योजनेचे वैशिष्ट्य आहे.

'१०२' ही सेवा मुख्यतः गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि नवजात बालके यांच्यासाठी आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरापासून रुग्णालयापर्यंत, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात आणि तेथून परत घरी अशी मोफत वाहतूक अंतर्भूत आहे. '११२' हा पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत यांसाठीचा एकत्रित क्रमांक आहे. कोणत्याही क्रमांकावर दूरध्वनी केला तरी ठिकाणाची नेमकी खूण, रुग्णाची अवस्था आणि रुग्णांची संख्या या तीन गोष्टी प्रथम सांगाव्यात. त्यावरून कोणत्या प्रकारचे वाहन पाठवावयाचे हे ठरविणे नियंत्रण कक्षाला सोपे जाते.

'आपत्कालीन स्थिती' आणि 'स्थिरीकरण'

रुग्ण रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावर पुढील शब्दांचा प्रश्न येतो. वैद्यकीय आस्थापना अधिनियम, २०१० या केंद्रीय कायद्यात 'आपत्कालीन वैद्यकीय स्थिती' या शब्दप्रयोगाची व्याख्या दिलेली आहे. तीव्र वेदनांसह अशी गंभीर लक्षणे, की ज्यांवर तत्काळ उपचार न झाल्यास रुग्णाचे आरोग्य गंभीर धोक्यात येईल, शरीराच्या क्रियांना मोठी हानी पोहोचेल किंवा एखादा अवयव निकामी होईल, असा तिचा आशय आहे. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तिच्याबरोबर गर्भातील बाळाच्या जिवाचाही विचार या व्याख्येत केला आहे.

त्याच कायद्यात 'स्थिरीकरण' हा दुसरा महत्त्वाचा शब्द आहे. रुग्णाला दुसरीकडे हलविताना किंवा हलविल्यामुळे त्याची प्रकृती अधिक बिघडणार नाही, अशी वैद्यकदृष्ट्या वाजवी खात्री होईपर्यंत आवश्यक ते उपचार करणे म्हणजे स्थिरीकरण. रुग्ण पूर्ण बरा करणे असा त्याचा अर्थ नाही, तसेच केवळ मलमपट्टी करून चिठ्ठी देणे असाही नाही. उपलब्ध कर्मचारी आणि साधने यांच्या मर्यादेत हे उपचार करणे बंधनकारक मानले आहे. महाराष्ट्राने हा केंद्रीय कायदा स्वीकारलेला नाही. येथे शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९चा अधिनियम लागू असून त्याखालील नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली आहे. तथापि जीव वाचविण्याचे डॉक्टरांचे कर्तव्य केवळ या कायद्यांवर अवलंबून नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ते स्पष्ट केले. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वारास जवळच्या रुग्णालयात नेले असता पोलीस प्रकरण म्हणून तेथे त्याला घेण्यात आले नाही. सुमारे २० किलोमीटर दूरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे नेत असता वाटेतच त्याचा मृत्यू झाला. जीव वाचविण्याचे कर्तव्य सर्वोपरी असून पोलिसांची कार्यवाही त्याच्या आड येऊ शकत नाही, मग रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, असा निर्णय न्यायालयाने दिला. मोटार वाहन अधिनियमाच्या १३४व्या कलमातही, कोणत्याही औपचारिकतेची वाट न पाहता जखमीवर ताबडतोब उपचार करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य असल्याचे नमूद आहे.

१९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका शेतमजुरास कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नसल्याचे सांगून परत पाठविले होते. सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने ठरविले आणि त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाला स्थिर करण्याची सोय असावी, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळण्यासाठी राज्यपातळीवर मध्यवर्ती संपर्क यंत्रणा असावी आणि रुग्णवाहिकांत पुरेशी साधने व प्रशिक्षित माणसे असावीत, असेही न्यायालयाने सुचविले. पुढे उभ्या राहिलेल्या नियंत्रण कक्षांमागील विचार या सूचनांत आढळतो.

'सुवर्ण तास'

गंभीर इजा झाल्यानंतरचा पहिला एक तास, ज्यात त्वरित उपचार मिळाल्यास मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते, त्याला 'गोल्डन अवर' म्हणजे 'सुवर्ण तास' म्हणतात. पूर्वी हा शब्द फक्त वैद्यकांच्या बोलण्यात येत असे. २०१९च्या सुधारणेने तो मोटार वाहन अधिनियमाच्या व्याख्यांत आला. या काळातील विनारोकड उपचारांसाठी योजना करण्याची जबाबदारी १६२व्या कलमाने केंद्र सरकारवर सोपविली. त्यानुसार मे २०२५ मध्ये योजना अधिसूचित झाली. रस्ते अपघातातील जखमीस अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत नामनिर्दिष्ट रुग्णालयात उपचार मिळावेत, अशी तरतूद तीत आहे. जवळ पैसे नाहीत म्हणून जखमीला रुग्णालयात नेण्यास कोणी कचरू नये, हा तिचा हेतू आहे.

मदत करणाऱ्याचे संरक्षण

अपघात पाहूनही लोक पुढे का सरसावत नाहीत, याचे कारण बहुधा निष्ठुरता नसते. पोलिसांची चौकशी, न्यायालयातील खेपा आणि रुग्णालयाचे बिल यांची भीती लोकांना मागे खेचते. केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ मध्ये कलम १३४-अ अन्वये त्यांना कायद्याचा आधार मिळाला. कायद्यातील 'गुड समॅरिटन' हा शब्द मराठीत 'परोपकारी मदतकर्ता' असा सांगता येईल. सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातस्थळी मदत करणारी किंवा जखमीला रुग्णालयात नेणारी व्यक्ती, अशी त्याची व्याख्या आहे. मदत करताना काही चूक होऊन जखमीस इजा झाली अथवा त्याचा मृत्यू ओढवला, तरी अशा व्यक्तीवर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२०च्या नियमांनुसार तिला नाव, पत्ता किंवा इतर माहिती देण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार होणे हेही तिच्या इच्छेवर अवलंबून आहे. या हक्कांची सनद हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत प्रवेशद्वारी लावणे प्रत्येक सरकारी व खाजगी रुग्णालयावर बंधनकारक आहे.

मदतीस प्रोत्साहन मिळावे म्हणून २०२१ मध्ये केंद्राने ५,००० रुपयांच्या पुरस्काराची योजना आणली. २०२५ मध्ये 'राह-वीर' या नावाने ती रक्कम २५,००० रुपये करण्यात आली. महाराष्ट्रात महामार्ग पोलिसांनी मार्च २०२१ मध्ये 'मृत्युंजय दूत' ही योजना सुरू करून महामार्गालगतच्या गावांतील स्वयंसेवकांना प्रथमोपचाराशी जोडून घेतले.

वाट देणे आणि चिन्हाचा वापर

रुग्णवाहिका किंवा अग्निशमन वाहन येत असता आपले वाहन बाजूला न घेणे हा कलम १९४-ई खाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लाल क्रॉसच्या चिन्हाबाबत मात्र पुष्कळांचा गैरसमज आहे. हे चिन्ह कोणत्याही दवाखान्यावर वा रुग्णवाहिकेवर रंगविण्यासाठी नाही. जिनिव्हा करार अधिनियम, १९६० अन्वये त्याचा अनधिकृत वापर दंडनीय आहे. युद्धभूमीवर ज्या चिन्हाकडे पाहून शस्त्रे थांबावीत, त्या चिन्हाचे पावित्र्य शांततेच्या काळातही जपले जावे, हा त्यामागील विचार आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

या सर्व शब्दांचा खरा उपयोग प्रसंग ओढवण्यापूर्वी ते गावापर्यंत पोहोचण्यात आहे. ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी या विषयावर चर्चा व्हावी. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा, ग्रामीण रुग्णालयाचा आणि १०८, १०२ व ११२ या क्रमांकांचा फलक पंचायत कार्यालय, शाळा आणि एस.टी. थांबा येथे लावावा. गावाची रुग्णवाहिका असल्यास ती कोणत्या प्रकारची आहे आणि कोणत्या रुग्णासाठी योग्य नाही, हे चालकासह सर्वांना माहीत असावे. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ठिकाणाची खूण नेमकी कशी सांगावी याचा सराव द्यावा आणि मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे हे त्यांच्या मनावर बिंबवावे. मुलांनी ऐकलेली ही गोष्ट घराघरांत पोहोचते.

कायद्यातील व्याख्या कागदावर कोरड्या वाटतात. परंतु 'स्थिरीकरण' हा शब्द ठाऊक असलेला नातेवाईक रुग्णाला पुढे हलविण्यापूर्वी डॉक्टरांना योग्य तो प्रश्न विचारू शकतो आणि आपल्याला संरक्षण आहे हे ठाऊक असलेला वाटसरू जखमीजवळ थांबतो. सुवर्ण तासातील प्रत्येक मिनिट मोलाचे आहे आणि ते वाया जाऊ न देणे हे शासनयंत्रणेइतकेच गावाच्याही हाती आहे.