धान्याची मदत कधी मागावी?

सोयाबीन हातचं गेलं की नांदेड-लातूरकडची अनेक कुटुंबं आधी किराणा उधार आणतात, मग व्याजाने पैसे काढतात. रेशनकार्डाची आठवण होते ती शेवटी. क्रम उलटा हवा.

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी 5 किलो, तर अंत्योदय कार्डावर 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. हा हक्क आहे, उपकार नव्हे.

कार्ड मंजूर व्हायला वेळ लागतो. त्यामुळे उत्पन्न घटलं किंवा कमावता माणूस गेला, की कणगी रिकामी होण्याची वाट न पाहता तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज करावा. नव्या सुनेचं, लेकराचं नावही लगेच चढवून घ्यावं.

ऊसतोडीला परजिल्ह्यात किंवा कर्नाटकात गेलं तरी आधारशी जोडलेल्या कार्डावर तिथल्या रेशन दुकानातून धान्य उचलता येतं.

आणि आजच चूल पेटणार नसेल तर? नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये जात-धर्म न विचारता जेवू घालतात. पण लंगर आजची भूक भागवतो; महिन्याची सोय कार्डानेच होते.