पाणी उशिरा येईल, एवढंच

पहाटे ५.३० : आमच्या कम्युनिटी रेडिओ केंद्राची किल्ली माझ्याकडे असते, कारण स्वयंसेवकांत निवृत्त असा मी एकटाच. आमचा ट्रान्समीटर ५० वॉटचा, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढा. तेवढ्यावर दहाएक किलोमीटरपर्यंत आवाज जातो. खिडक्यांवर गोधड्या टांगल्यात, तरी दूधवाल्याचा हॉर्न आत शिरतोच.

६.०० : लाल दिवा लागला. भजनं आमच्याच गल्लीतल्या मंडळाची. एक टाळ बेतालच आहे. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत असा नियम आहे, तेव्हा टाळ नियमात बसतो.

७.१५ : खरा कार्यक्रम हाच. पाणी कुठल्या भागाला किती वाजता सुटणार, वीज कधी जाणार. 'बातम्या' आम्हाला देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा चालतात. पाण्याची सूचना मात्र बातमी धरत नाहीत. म्हणून "आज पाणी दोन तास उशिरा येईल" हे मी सांगतो. का येईल, हे सांगायला गेलो की बातमी झाली! लगेच फोन येतो, "काका, रोज उशीर का होतो ते बोला की." मी गाणं लावतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ध्वनिलहरी जनतेच्या मालकीच्या ठरवल्या. तरी या एका 'का'पाशी मी रोज अडतो.

१०.०० : सगळे आपापल्या नोकरीवर. कॉम्प्युटर एकटाच गाणी वाजवत बसतो.

दुपारी २.०० : कुरडयांवर रेकॉर्डिंग. माईक समोर आला आणि काकू पुस्तकी बोलू लागल्या, "प्रथमतः गहू भिजवावेत." म्हटलं, "काकू, शेजारणीला सांगता तसं सांगा." "मग तिलाच बोलवा ना!" बोलावलं. दोघी चाळीस मिनिटं भांडल्या, गहू तीन दिवस भिजवायचे की चार. एक वाक्यही कापलं नाही.

५.३० : कॉलेजची पोरं आली. एकाला स्वतःचं केंद्र काढायचंय. त्याला सांगितलं, परवानगी एकट्या माणसाला मिळत नाही, संस्थेला मिळते. २००६ पूर्वी तर शिक्षणसंस्थांनाच मिळायची. म्हसवडच्या बायकांची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून बोलतेय. आम्ही धीर तिथून घेतला. पोरगा म्हणाला, "मग यूट्यूबच बरं." असेल. पण खुरपताना झाडाला रेडिओ अडकवून ठेवता येतो आणि डेटा लागत नाही.

८.०० : वीज गेली. यूपीएसने वीस मिनिटं तग धरला, मग शांतता. तासाला बारा मिनिटं जाहिरातींना मुभा आहे, आमच्याकडे आहे एका किराणा दुकानाची, तीही अंधारात बुडाली. ती उद्या फुकट वाजवावी लागणार.

९.१५ : वीज आली, निरोप झाला. दिवसभराचं रेकॉर्डिंग डिस्कवर टाकलं. तीन महिने जपावं लागतं. रविवारच्या पहाटेच्या पाळीला अजून कुणी नाही. येणार असाल तर चहा केंद्राचा, दूध घरून आणा.