वायरलेस इंटरनेट नेमके कुठे अडते?

घरापर्यंत केबल न ओढता मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या रेडिओलहरींवर चालणारे इंटरनेट भारतात २०२३पासून ‘एअरफायबर’ या नावाने घरोघरी दिसू लागले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने दिल्ली व मुंबईत ही सेवा सुरू केली आणि सप्टेंबरात, ऐन गणेश चतुर्थीला, जिओने पुण्या-मुंबईसह आठ शहरांत. नावात फायबर असले तरी टॉवर ते घर हा टप्पा हवेतलाच असतो. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर बसवलेला रिसीव्हर टॉवरशी संपर्क साधतो, त्यातून निघालेली केबल घरातल्या राऊटरपर्यंत येते आणि पुढे राऊटर वाय-फाय पसरवतो. मोबाइलच्या पडद्यावर येण्याआधी माहिती अशी दोनदा हवेतून जाते. यातला कोणता टप्पा अडला आहे हे न पाहता राऊटर पुन्हापुन्हा बंद-चालू करणे हा निव्वळ अंदाजपंचे कारभार होय.

टप्पा ओळखायला एक साधी चाचणी पुरते. बाकी सगळ्या उपकरणांचे वाय-फाय बंद करून लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडावा आणि वेग मोजावा. केबलवर वेग चांगला आणि वाय-फायवर कमी असेल, तर दोष घरातला. केबलवरही कमीच असेल, तर राऊटरच्या अलीकडे शोधण्यात अर्थ नाही. मात्र मोजताना एककांची गल्लत होऊ नये. योजनेतले १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात आणि फाइल उतरताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे सेकंदाला १२ मेगाबाइट दिसले तर ती योजना पुरेपूर मिळते आहे.

योजना २००-३०० एमबीपीएसची असूनही केबलवरचा आकडा दर वेळी ९४-९५च्या आसपास येऊन थांबत असेल, तर टॉवरला दोष देण्याआधी केबल पाहावी. गिगाबिट वेगासाठी इथरनेट केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तार तुटली किंवा तिचा स्पर्श नीट होत नसेल, तर दोन्ही टोकांची उपकरणे मुकाट १०० एमबीपीएसवर उतरतात. नेट बंद पडत नाही, म्हणून हा दोष महिनोन्महिने कळतही नाही. गच्चीवरच्या जोडणीत पावसाचे पाणी शिरले की तांब्यावर हिरवट थर चढतो. रिसीव्हरला वीजही बहुधा याच केबलमधून जाते, त्यामुळे तो मधूनच बंद पडून आपोआप सुरू होऊ लागतो.

केबल ठीक असेल, तर प्रश्न सिग्नलचा. पडद्यावरच्या सिग्नलच्या काड्यांवर फार विसंबू नये. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या याचे सर्वांना बांधील असे मोजमाप नाही, प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. खरे आकडे राऊटरच्या सेटिंगच्या पानावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये सापडतात. त्यांतले दोन महत्त्वाचे : आरएसआरपी आणि एसआयएनआर. आरएसआरपी म्हणजे टॉवरकडून पोहोचलेल्या संदर्भ-सिग्नलची ताकद. ती डीबीएम या एककात, उणे आकड्यात येते. उणे ८० उत्तम, उणे १००च्या पुढे कमजोर आणि उणे ११० म्हणजे जेमतेम. उणे ९० डीबीएम म्हणजे एका वॅटचा एक लाख-कोटीवा भाग. एवढ्याशा ऊर्जेतून चित्रपट उलगडतो, याचे नवल वाटायला हरकत नाही.

पण वेग ठरवण्यात वरचढ ठरतो तो एसआयएनआर, म्हणजे हवा असलेला सिग्नल आणि भोवतीचा गोंगाट यांचे गुणोत्तर. या गोंगाटात शेजारच्या टॉवरांचे सिग्नलही येतात. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८मध्ये दाखवून दिले, की वाहिनीची कमाल क्षमता तिची रुंदी आणि हे गुणोत्तर यांवर ठरते. त्यांच्या सूत्रानुसार एसआयएनआर २० डेसिबल असेल, तर प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला सुमारे ६.७ बिट जाऊ शकतात; शून्य डेसिबलला फक्त एक. उंच इमारतीच्या गच्चीवरून तीन-चार टॉवर सारखेच ठळक दिसतात, तिथे भरपूर काड्या असूनही वेग रडतखडत का असतो, याचे उत्तर इथे आहे. अशा वेळी रिसीव्हर आणखी वर चढवण्यापेक्षा जिना किंवा पाण्याच्या टाकीची भिंत नको असलेल्या टॉवरांच्या आड येईल असा खाली बसवला, तर फायदा होऊ शकतो.

वाहिनीच्या रुंदीमुळेही असाच चकवा होतो. भारतात ५जीचा मुख्य पट्टा ३.३ गिगाहर्ट्झच्या वरचा. त्यात रुंद वाहिनी मिळते, पण भिंत भेदताना त्या लहरींची दमछाक होते. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घरात खोलवर शिरतो, पण तिथली वाहिनी अरुंद. रिसीव्हरने वरचा पट्टा सोडून खालचा धरला, की काड्या वाढतात आणि वेग घटतो.

जागा निवडताना टॉवर डोळ्यांनी दिसणे पुरेसे नसते. लहरी दोरीसारख्या सरळ एका रेषेतून जात नाहीत. त्या रेषेभोवतीचा, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता असा पट्टा त्यांना मोकळा लागतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेल यांचे नाव या पट्ट्याला आहे. टॉवर एक किलोमीटरवर असेल, तर साडेतीन गिगाहर्ट्झला या पट्ट्याची मध्यावरची त्रिज्या सुमारे साडेचार मीटर भरते. समोरचा आंबा दृष्टीच्या आड येत नसला, तरी त्याचा शेंडा या पट्ट्यात घुसलेला असू शकतो. ‘पाऊस लागला की नेट जाते’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. या वारंवारितेला पावसाच्या थेंबांचा अडथळा नगण्य असतो. वाढलेली, भिजलेली पाने मात्र सिग्नल शोषून घेतात. २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खुद्द पाऊसही नडतो.

घरात ठेवायचा रिसीव्हर असेल, तर खिडकीची काच तपासावी. उष्णता रोखणाऱ्या काचेवर धातूचा अतिपातळ लेप असतो आणि तो सिग्नल बराच कमजोर करतो. पत्र्याचे छत, लोखंडी सळ्यांचा स्लॅब, जाळीची ग्रिल यांचेही तेच. रिसीव्हर वीतभर सरकवला तरी आकडे बदलतात, कारण परावर्तित लहरी कुठे एकमेकींना पूरक ठरतात, तर कुठे मारक. म्हणून तो थोडा थोडा फिरवावा, प्रत्येक जागी मिनिटभर थांबावे आणि एसआयएनआर पाहून जागा पक्की करावी.

वाय-फायचे दुखणे त्यामानाने सोपे. २.४ गिगाहर्ट्झ लांब जाते, पण तिथे शेजाऱ्यांच्या राऊटरांची गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच वारंवारितेला चालतो. एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. जवळच्या उपकरणांसाठी ५ गिगाहर्ट्झ केव्हाही बरे. राऊटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात लपवू नये. साधा रिपीटर तोच पट्टा घेण्यासाठी आणि देण्यासाठी वापरतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. लांबच्या खोलीसाठी केबल ओढून दुसरा राऊटर बसवणे अधिक भरवशाचे. बाजारात मिळणारे मोबाइल सिग्नलचे ‘बूस्टर’ मात्र घेऊ नयेत. परवानगीशिवाय ते वापरणे बेकायदा आहे, शिवाय त्यांच्या गोंगाटाने आसपासच्या सगळ्यांचाच एसआयएनआर बिघडतो.

एवढे करूनही पहाटे पाचला वेग भरपूर आणि रात्री नऊला मंद असेल, आरएसआरपी मात्र दोन्ही वेळा तोच, तर टॉवरवर गर्दी आहे. त्याची क्षमता त्या भागातल्या सगळ्या मोबाइल आणि घरगुती ग्राहकांत वाटली जाते; रिसीव्हर हलवून ती वाढत नाही. अशा वेळी केबलवर घेतलेल्या चाचण्यांचे आकडे, वेळ आणि दोन्ही सिग्नलमाने आठवडाभर टिपून तक्रारीसोबत द्यावीत आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. कंपनी दुसरा टॉवर किंवा दुसरा पट्टा लावून देऊ शकते का, हेही विचारावे. तेही शक्य नसेल आणि गल्लीत फायबरची तार आलेली असेल, तर जोडणी बदलणे श्रेयस्कर.